लोण्याचा वास, बँडेडचा वास, शिकरणाचा वास: घरच्या बिअरबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी फक्त घरी बिअर करणाऱ्यांचीच पत्रं घेतलीयेत, बरीच साठली होती. एक पुण्याचं सोडलं तर सगळी परदेशातली. उत्तरांआधी एक तक्रार करून घेते. रेसिपी तुम्ही लोक अगदी ग्रॅमपर्यंत लिहून पाठवता, कुठले हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) कितव्या मिनिटाला टाकले, माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) कुठल्या कंपनीचं, सगळं. पण फर्मेंटर, म्हणजे बिअर आंबवायचं भांडं, किती डिग्रीला होता, बाटल्या कितव्या दिवशी भरल्या, वास पहिल्यांदा कधी जाणवला, हे कोणीच लिहीत नाही आणि मला हवं असतं नेमकं तेच. रेसिपी गंडली तर बिअर फार तर बेचव होते, गोड होते, जास्त कडू होते. हे जे विचित्र वास येतात ना, ते बहुतेक वेळा यीस्ट, तापमान, पाणी, हवा नाहीतर अस्वच्छ नळी यातून येतात, त्यामुळे पुढच्या वेळी हॉप्स बदलून काही होत नाही.

एडिसन, न्यू जर्सी

*ताई, बेसमेंटमध्ये पिल्सनर केली. तापमान १२ डिग्री, १९ लिटरला लागर यीस्टचं एक पाकीट. बारा दिवसांनी बुडबुडे बंद झाले म्हणून लगेच फ्रीजमध्ये टाकून थंड केली आणि केगमध्ये (बिअरच्या पिंपात) भरली. मला तर मस्त लागतेय पण बायको म्हणते थिएटरमधल्या पॉपकॉर्नचा वास येतोय, मेहुणा पण तेच म्हणाला. ओतून देऊ का?*

ओतू नका, आणि बायकोचं ऐका. हा वास डायअसिटिलचा. मायक्रोवेव्हच्या पॉपकॉर्नला बटरचा वास यावा म्हणून हेच वापरायचे. काही लोकांच्या नाकाला तो अजिबात कळत नाही, तुम्ही बहुतेक त्यातले. म्हणून बिअर चाखायला नेहमी दोन-तीन नाकं असावीत.

आता होतं काय तर यीस्ट वाढत असताना त्याच्या पेशीतून एक पदार्थ बाहेर वर्टमध्ये, म्हणजे माल्टच्या गोड रसात, झिरपतो, अल्फा-असिटोलॅक्टेट नावाचा, त्याला स्वतःला काही वास नसतो. तो बाहेर हळूहळू बदलून डायअसिटिल होतो, आणि मग तेच यीस्ट ते डायअसिटिल परत आत ओढून घेतं आणि बिनवासाचं करून टाकतं. म्हणजे घाण करणारं यीस्ट आणि साफ करणारंही यीस्टच, फक्त ही सफाई ते शेवटी करतं आणि त्यासाठी त्याला थोडी ऊब लागते. तुम्ही काय केलं, बुडबुडे थांबले की लगेच बिअर थंड केली, यीस्ट झोपून तळाला गेलं आणि सफाई राहून गेली. बुडबुडे थांबले म्हणजे काम झालं असं नसतं हो, हायड्रोमीटर कशाला घेतलाय.

पुढच्या वेळी हायड्रोमीटरवरची ग्रॅव्हिटी (रसाची घनता, साखर संपत जाते तशी उतरते) शेवटच्या आकड्याच्या जवळ आली, म्हणजे दोन-चार पॉइंट उरलेत असं दिसलं की फर्मेंटर बेसमेंटमधून वर आणून १६ ते १८ डिग्रीला दोन-तीन दिवस ठेवा. आणि थंड करायच्या आधी एक टेस्ट करा, फुकट आहे आणि मोठ्या ब्रुअरीतही करतात. दोन छोट्या बरण्यांत बिअर घ्या, वर फॉइल लावा, एक बरणी ६०-६५ डिग्रीच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवा, दुसरी तशीच बाहेर. मग दोन्ही सारख्या गार करून वास घ्या (म्हणजे मिसेसना द्या). गरम केलेल्या बरणीला बटरचा वास आला आणि दुसरीला नाही, तर तो बिनवासाचा माल अजून शिल्लक आहे, थांबा. दोन्हीला आला तरी थांबा. दोन्ही स्वच्छ असतील तरच फ्रीज.

आणि १९ लिटर लागरला, म्हणजे थंडीत आंबवायच्या बिअरला, एक पाकीट कमीच पडतं, दोन टाका. थंडीत काम करणाऱ्या यीस्टची संख्या जास्त लागते, इथे काटकसर करू नका.

आत्ताच्या केगचं काय तर एक लिटर वर्ट बनवून त्यात ताजं यीस्ट सोडा, वर जोरात फेस आला की ते सगळं केगमध्ये ओता आणि आठवडाभर १८-२० डिग्रीला राहू द्या, मधेमधे गॅस सोडत जा नाहीतर प्रेशर वाढेल. बहुतेक वेळा वास जातो. पण बटरसोबत आंबटपणाही येत असेल आणि दोन्ही दिवसेंदिवस वाढत असतील तर मग ते यीस्टचं काम नाही, पेडिओकॉकस नावाचा बॅक्टेरिया घुसलाय, तिथे वाट बघून उपयोग नाही. जाता जाता, पबमध्ये नळाच्या बिअरला बटरचा वास आला तर बऱ्याचदा त्यांच्या पाइप धुतलेल्या नसतात.

पिल्सनरवाल्यांना अजून एक वास छळतो, उकडलेल्या मक्याच्या कणसाचा किंवा कोबीचा. तो वेगळा. तो फिकट पिल्सनर माल्टमधून येतो आणि उकळताना वाफेबरोबर उडून जातो, म्हणून भांड्यावर झाकण ठेवायचं नाही, ९० मिनिटं उकळायचं आणि नंतर पटकन गार करायचं. झाकण ठेवून गॅस वाचवणारे खूप आहेत आपल्यात.

सॅन फ्रान्सिस्को

*आत्तापर्यंत स्टाउट, पेल एल, व्हीट सगळं करून बघितलं, प्रत्येक बिअरला बँडेडचा किंवा दवाखान्यात शिरल्यावर येतो तसला वास आहे. भांडी दर वेळी ब्लीचने धुतो, पाणी नळाचंच पण पूर्ण उकळलेलं. मग इन्फेक्शन कुठून येतंय?*

इन्फेक्शन नाहीच बहुतेक. रेसिपी बदलली, यीस्ट बदललं तरी वास तोच, म्हणजे सगळ्यांत सारखं काय राहिलं ते बघा. पाणी आणि ब्लीच! दोन्हीत क्लोरीन. क्लोरीन आणि माल्टमधले फिनॉल एकत्र आले की क्लोरोफिनॉल तयार होतात आणि ते इतके उग्र असतात की अब्जात काही भाग असले तरी नाकाला कळतात.

तुमच्याकडे अजून एक गोम आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या पाण्यात २००४ पासून साध्या क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरतात. क्लोरीन उकळून उडतं, रात्रभर भांडं उघडं ठेवलं तरी बरंचसं जातं, पण क्लोरामाइन मुद्दाम टिकावं म्हणूनच निवडलेलं असतं, ते तेवढ्या उकळीने सहज जात नाही. उपाय इतका स्वस्त आहे की राग येईल. होमब्रूच्या दुकानात कॅम्पडेनच्या गोळ्या मिळतात, पोटॅशियम किंवा सोडियम मेटाबायसल्फाइटच्या. एक गोळी साधारण ७५ लिटर पाण्याला पुरते, म्हणजे तुमच्या एका बॅचच्या पाण्याला अर्धी गोळी भरपूर झाली. ती कुस्करून माल्ट घालायच्या आधी पाण्यात ढवळा, काही मिनिटांत काम होतं. मॅशचं पाणी (ज्या गरम पाण्यात माल्ट भिजवता ते), माल्ट धुवायचं पाणी, नंतर वरून घालायचं पाणी, सगळ्याला करा. एक भांडं विसरलात तरी वास परत येईल.

ब्लीच बंद करा. बिअरसाठी न धुता चालणारे ॲसिडवाले सॅनिटायझर मिळतात ते वापरा, फेस राहिला तरी चालतो. हे दोन्ही करूनही वास आला तर मग रानटी यीस्टचा संशय घ्यायचा. आणि जी बिअर झालीये ती वाचत नाही. ठेवून ठेवून वास जाईल असं कोणी सांगितलं तर जात नाही, ती बिनधास्त ओता.

म्युनिक

*ताई मी इथे मास्टर्स करतोय, हॉस्टेलच्या किचनमध्ये वाइसबिअर केली, रूममेट (नाशिकचा आहे) म्हणतो हिला शिकरणाचा वास येतोय. खराब झाली का?*

अरे, खराब कसली, रूममेटचं नाक एकदम बरोबर आहे! बव्हेरियन गव्हाच्या बिअरचं यीस्ट आयसोअमाइल ॲसिटेट बनवतं, पिकलेल्या केळ्यात तेच असतं. तू म्युनिकमध्ये राहतोस, खाली उतरून कुठलीही वाइसबिअर घे आणि शेजारी ठेवून वास घेऊन बघ.

केळं फारच पुढे आलं असेल तर यीस्ट गरम झालंय, पुढच्या वेळी १७-१८ डिग्रीला ठेव. आणि लवंग हवी असेल, जी चांगल्या वाइसबिअरला पाहिजेच असं माझं मत, तर मॅशच्या सुरुवातीला ४३-४५ डिग्रीला पंधरा मिनिटं थांब, त्यात फेरुलिक ॲसिड सुटतं आणि यीस्ट त्याचं लवंगेच्या वासाचं फिनॉल करतं. हाच लवंगेचा वास साध्या पेल एलमध्ये आला तर मात्र तो दोष, तिथे रानटी यीस्ट शिरलंय.

मेलबर्न

*जानेवारीत गॅरेजमध्ये टिनच्या किटची बिअर केली, वरून एक किलो साखर. नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतोय, घशात जळजळतं, दुसऱ्या दिवशी डोकं दुखतं. साखरेमुळे झालं का? आधीची बॅच पाचव्या दिवशी बाटलीत भरली होती तिला कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास होता.*

साखरेमुळे बिअर पातळ आणि कोरडी होते, हा वास तिचा नाही. जानेवारीत मेलबर्नचं गॅरेज म्हणजे ३० डिग्री तर सहज, आणि आंबताना यीस्ट स्वतःची उष्णता तयार करतं, त्यामुळे आतला रस बाहेरच्या हवेपेक्षा चार-पाच डिग्री जास्त गरम असू शकतो. म्हणजे तुमचं यीस्ट ३४ ला काम करत होतं. साधं एल यीस्ट (लागरपेक्षा उबेत काम करणारं) एवढ्या उष्णतेत फ्यूजल अल्कोहोल आणि इथाइल ॲसिटेट भरमसाट बनवतं, जळजळ पहिल्याची आणि नेलपॉलिश दुसऱ्याचं. डोकेदुखीसाठी मात्र किती ग्लास झाले होते तेही लिहायला हवं होतं.

यात महत्त्वाचे फक्त पहिले तीन दिवस. यीस्ट वाढतं तेव्हाच हे वास बनतात, नंतर तापमान वर गेलं तरी फारसं बिघडत नाही. म्हणून गॅरेज आठवडाभर थंड ठेवायची गरज नाही, ते तीन दिवस सांभाळा. फर्मेंटर टबात ठेवा, टबात पाणी, अंगावर जुना ओला टॉवेल ज्याचं टोक पाण्यात बुडालेलं, आणि समोर टेबलफॅन. आपल्या माठाचंच तत्त्व. मेलबर्नचा उन्हाळा बऱ्यापैकी कोरडा असतो म्हणून हे तिथे छान चालतं, ब्रिस्बेनच्या दमट हवेत एवढं चालणार नाही. आणि यीस्ट टाकताना वर्ट आधीच १८ पर्यंत गार केलेलं असू द्या, गरम वर्टमध्ये टाकून नंतर गार करू म्हणणाऱ्यांची बिअर मी प्यायलीये. किटच्या झाकणाखाली जे पाकीट येतं ते लहानसं असतं आणि कागदावर तापमानाची रेंज भलतीच सैल दिलेली असते, चांगलं यीस्ट वेगळं विकत घ्या.

किंवा सरळ शरण जा आणि क्वाइक वापरा. पश्चिम नॉर्वेतल्या शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या जपलेलं यीस्ट, लाकडी कड्यांवर नाहीतर कापडावर वाळवून ठेवायचे. त्यातलं व्हॉस नावाचं ३५-४० डिग्रीलाही स्वच्छ आंबवतं, थोडा संत्र्याचा वास येतो आणि तीन-चार दिवसांत काम उरकतं. उन्हाळ्यात मी तरी दुसरं काही वापरत नाही.

हिरव्या सफरचंदाचं सोपं आहे, असिटाल्डिहाइड. साखरेपासून अल्कोहोल होण्याच्या वाटेवरचा अलीकडचा टप्पा, पाचव्या दिवशी बाटलीत भरलीत म्हणजे यीस्टला अर्ध्या वाटेत उठवलंत. दोन आठवडे धीर धरा. काही बाटल्या उरल्या असतील तर उबदार ठेवा, तळाला यीस्ट असलं तर सुधारेल.

लीड्स

*हेझी आयपीए केली, पहिल्या आठवड्यात आंब्याचा वास, पिवळाधमक रंग. तीन आठवड्यांत तपकिरी-जांभळट झाली, वास गायब, चव गोडसर. हॉप्स जुने होते का?*

हॉप्स ठीकच असणार, नाहीतर पहिल्या आठवड्यात आंबा आला नसता. ऑक्सिजन लागला बिअरला. आंबताना आत असलेलं यीस्ट ऑक्सिजन खाऊन टाकतं, पण आंबणं संपल्यावर तुम्ही झाकण उघडून हॉप्स टाकले, मग दुसऱ्या बादलीत ओतली, मग बाटलीत, प्रत्येक वेळी हवा. साधी लागर याने काही महिन्यांनी ओल्या पुठ्ठ्यासारखी लागायला लागते, पण हेझी आयपीए म्हणजे हॉप्सच हॉप्स, ती आठवड्यांत जाते आणि रंगासकट जाते.

दुसरी बादली बंद, एकाच फर्मेंटरमध्ये शेवटपर्यंत ठेवा. हॉप्स आंबणं पूर्ण संपायच्या जरा आधी टाका म्हणजे यीस्ट हवा खाईल. एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही, फर्मेंटर फ्रीजमध्ये टाकला की आतला गॅस आकसतो आणि एअरलॉकमधून (झाकणावरच्या गॅस बाहेर सोडणाऱ्या नळीतून) बाहेरची हवा आत ओढली जाते, तेव्हा तिथे गॅस भरलेला फुगा तरी लावा. केग असेल तर तो काठोकाठ सॅनिटायझरने भरून कार्बन डायऑक्साइडने रिकामा करा आणि मग नळीने बंदच्या बंद बिअर आत घ्या. केग नसेल तर बाटल्या जवळजवळ तोंडापर्यंत भरा आणि खरं सांगू, या स्टाइलच्या नादी लागू नका. लीड्समध्ये राहून बिटर (तिथली पारंपरिक इंग्लिश एल) न करता हेझी आयपीएच्या मागे लागणं मला कळत नाही.

पुणे

*किट ऑनलाइन मागवायचा विचार आहे. पुण्यात मे महिन्यात ३८ डिग्रीला कुठलं यीस्ट चालेल?*

यीस्ट चालेल, वर क्वाइक लिहिलंय ते. कायदा चालणार नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय दारू तयार करता येत नाही, त्यात बिअर आली, स्वतःपुरती असली तरी आली. अमेरिकेतही घरी बिअर करणं १९७८ च्या कायद्यापर्यंत बेकायदाच होतं आणि इंग्लंडात १९६३ पर्यंत लायसन लागायचं, तर बदल होतात, पण आपल्याकडे अजून झालेला नाही. मी रेसिपी देणार नाही.

तोवर नाक तयार करा, त्याला परवाना लागत नाही. पुण्यात मायक्रोब्रुअरी कमी नाहीत, डूलालीची सुरुवातच २००९ मध्ये पुण्यात झाली. एकाच ठिकाणी वाइसबिअर आणि पिल्सनर शेजारी मागवा आणि वर लिहिलेले वास शोधा. घरी एक प्रयोग करा. दुकानातून हॉप्सची चांगली कडवट बाटली आणा, दोन ग्लासांत ओता, एक कपाटात आणि एक गच्चीवर दुपारच्या उन्हात दहा-पंधरा मिनिटं. मग दोन्हीचा वास घ्या. उन्हातल्या ग्लासला जो जळक्या रबरासारखा, लसणीसारखा उग्र वास येईल तो प्रकाशाने हॉप्समधला कडू भाग फुटून होतो, गंधकाचा आहे म्हणून एवढा झोंबतो. तपकिरी काच हा प्रकाश बराचसा अडवते, हिरवी फारसा नाही, पांढरी अजिबात नाही. दुकानदाराने हिरव्या बाटल्या ट्यूबलाइटखाली काचेच्या कपाटात मांडल्या असतील तर मागच्या खोक्यातली मागा.

कॅलगरी, कॅनडा

*सेझॉन केली ती मस्त झाली. मग त्याच बादलीत पेल एल. दोन महिन्यांनी पेल एलची बाटली उघडली की कारंजं उडतं, परवा एक बाटली कपाटात फुटली. साखर मोजूनच घातली होती, १९ लिटरला ११५ ग्रॅम. बिअर आंबट नाही, फक्त एकदम कोरडी आणि लवंगेसारखी झालीये. बाकीच्या बाटल्या तशाच आहेत.*

त्या बाटल्या आधी. पत्र वाचत बसू नका, म्हणजे एवढा पॅरा वाचा आणि उठा. डोळ्यांवर सेफ्टी गॉगल, हातात जाड ग्लोव्ह्ज, अंगात जॅकेट. कपाटावर जाड टॉवेल किंवा गोधडी टाकून एकेक बाटली न हलवता झाकणाच्या प्लास्टिक क्रेटमध्ये ठेवा आणि क्रेट फ्रीजमध्ये. बाहेर बाल्कनीत नको, तुमच्याकडच्या थंडीत गोठली तर काच अशीही फुटते. दोन दिवस पूर्ण गार झाल्या की गोधडीखालीच सिंकमध्ये झाकणं हळूहळू सैल करा. मुलं आणि कुत्रा दुसऱ्या खोलीत.

आता कारण. ११५ ग्रॅम साखर बरोबर आहे, तिने बाटली फुटत नाही. सेझॉन ही बेल्जियन पद्धतीची कोरडी बिअर, तिच्या बऱ्याच यीस्टमध्ये डायस्टॅटिकस नावाचा प्रकार असतो. साधं यीस्ट माल्टमधल्या लांब साखळ्यांच्या साखरेला हात लावत नाही, तिच्यामुळेच बिअरला अंग येतं. हे यीस्ट स्वतःचं एन्झाइम सोडून त्या साखळ्या तोडतं आणि खातं, हळूहळू, महिनोन्‌महिने. सेझॉनमध्ये तेच हवं असतं म्हणून ती मस्त झाली. पेल एलमध्ये बादलीच्या नळातून नाहीतर नळीतून त्याचे थोडेसे कण गेले, आणि तुम्ही आंबणं संपलं समजून बाटल्या भरल्यावर त्यांनी आत जेवण सुरू केलं. म्हणून कोरडी, म्हणून लवंग, म्हणून गॅस.

सॅनिटायझर मळलेल्या भांड्यावर काम करत नाही, आधी धुवावं लागतं, आणि प्लास्टिकच्या ओरखड्यात तर ब्रशही पोचत नाही. बादलीचा नळ पूर्ण उघडून बघा, आत काय साठलंय ते बघून पुढचं मी सांगायची गरज पडणार नाही. नळ, नळ्या, रबरी वॉशर फेकून नवीन घ्या, पाच-दहा डॉलरचं काम आहे. जुनी बादली सेझॉनसाठीच ठेवा, वर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहून, आणि पेल एलसाठी दुसरी आणा. उघडलेल्या बाटल्यांची ग्रॅव्हिटी मोजून कळवा, भरताना किती होती तेही. १.०१२ ला भरून आता १.००२ दाखवत असेल तर माझा अंदाज बरोबर.